तीनशे साठावं पान

रीडिंग,
१७ ऑक्टोबर २००४

ती. बाबांस,
वीणाचा शि. सा. न. वि. वि.

सर्वपित्रीचं सगळं नीट पार पडलं हे तुमच्या पत्रावरून कळलं, बरं वाटलं. मी बरी आहे, फक्त दमते. सकाळी साडेपाचला स्टेशनजवळच्या एका ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलं पुसायला जाते, नऊला परत येते आणि दहाला लेक्चरला बसते. आईला सांगताना खुर्च्या पुसते म्हणू नका. ऑफिसात काम करते म्हणा. ते काही खोटं नाही.

ह्या टर्मला प्राचीन ग्रीक लोकांच्या धर्मसमजुती आहेत. आत्मा, देव आणि मरणानंतरचं. तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. त्यांच्या मते माणूस मरतो तेव्हा प्राण तोंडावाटे धुरासारखा बाहेर पडतो आणि खाली हेडीस नावाच्या देवाच्या राज्यात जातो. वाट दाखवायला हर्मीस नावाचा देव असतो आणि नदी उतरवायला नावाडी. तिथे बहुतेकांना ना सुख ना शिक्षा; नुसत्या सावल्या होऊन राहायचं. सावलीला आपलं माणूस भेटलं तरी ओळख पटत नाही, बोलता येत नाही, आणि तहान फार लागते. म्हणून जिवंत माणसं थडग्यावर दूध, मध, पाणी ओतत. आमच्या ट्यूटरबाईंनी विचारलं, की वर्गात कोणाच्या घरी अजून मेलेल्यांना पाणी देतात? मी एकटीने हात वर केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला लाज वाटली नाही, उलट घरातली पहिली ग्रॅज्युएट होऊन इथवर आले ती भटजींची मुलगी म्हणूनच आले असं वाटलं.

त्यांचे वरचे देव मात्र मरणाऱ्या माणसाजवळ थांबत नाहीत. विटाळ होतो म्हणून निघून जातात. ते वाचून मला त्या देवांचा राग आला.

आणखी एक. ज्याचं प्रेत मिळालं नाही, जो परमुलखात मेला, त्याच्यासाठी ते रिकामं थडगं बांधत आणि त्याच्या नावाने तीन हाका मारत, म्हणजे असेल तिथून त्याचा जीव घरी येतो. तेव्हा मला शशीकाका आठवले.

हे फोनवर बोलता येत नाही. फोन ओटीवर, आणि ओटीवर तुमचे यजमान. म्हणून लिहिलं. काकूला सांगा, तिची भाजणी अजून पुरवून खाते आहे. आईला नमस्कार.

माया आहे ती तशीच असू द्यावी.

तुमची,
वीणा


॥ श्री ॥

देवरुख,
५ नोव्हेंबर २००४

चि. वीणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. खुर्च्या गाळल्या. तरी तिने विचारलंच, की पोरीच्या हातांना काही लावते का. तेव्हा लाव.

तुझे ग्रीक देव विटाळाला भितात हे वाचून हसू आलं. सोवळं-ओवळं आम्हा भटांनीच काढलं असं तू कॉलेजात असताना माझ्याशी ताट थंड होईपर्यंत भांडायचीस. ते आता मागे घे.

शशीचं तू काढलंस. आपणही दुसरं काय केलं? ७९ साली तो बोटीवर गेला, तिकडेच उतरला, दोन वर्षं कॉव्हेंट्रीहून पत्रं आली आणि मग थांबली. शास्त्राप्रमाणे बारा वर्षं वाट पाहून ९३ साली मी त्याचा पालाशविधी केला. तीनशे साठ पळसाची पानं मांडून देह केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि मूलबाळ नाही म्हणून थोरल्या भावाच्या नात्याने मीच अग्नी दिला. तू बारा वर्षांची होतीस, तुला आठवत असेल. तेव्हापासून दर वर्षी त्याच्या पिंडाला कावळा लगेच शिवतो. माझ्या वडिलांच्या पिंडाला तासभर ताटकळत ठेवतो, शशीच्या नाही. त्यावरून मी समजतो, की तो बरा आहे.

तुझा निरोप गं. भा. सुप्रभाला सांगितला. भाजणी संपत आली का, एवढंच म्हणाली. बालवाडीत जाते, येते. बोलणं कमी झालंय तिचं. माझंही. गुडघे कुरकुरतात आणि मांडी घालून सत्यनारायण होत नाही. यजमान स्टूल देतात. स्टुलावरचा भटजी बघून देवालाही बरं वाटत नसेल.

प्रकृतीस जपावे, वेळेवर जेवावे. हे आशीर्वाद.

बाबा


रीडिंग,
६ डिसेंबर २००४

ती. काकूस,
वीणाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम बालवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझ्या नावाआधी गं. भा. लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. कुठेतरी बसून वाच.

मी निघाले त्या दिवशी तू माझ्या पिशवीत एक जुनं निळं पाकीट सरकवलंस आणि जमलं तर बघ म्हणालीस. शशीकाकांच्या शेवटच्या पत्राचं पाकीट. गेल्या रविवारी मी कॉव्हेंट्रीला जाऊन पाकिटावरचा पत्ता शोधला. त्या घरात आता दुसरीच माणसं राहतात. कोपऱ्यावरच्या दुकानातले गुजराती आजोबा म्हणाले, की फाउंड्रीतला इंडियन म्हणजे सिड असेल, आणि त्यांनी तीन गल्ल्या पलीकडच्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, फ्लॅटकडे बोट दाखवलं.

काकू, शशीकाका आहेत. मी त्यांना पाहिलं, त्यांच्या हातचा चहा प्यायले.

दार उघडलं तेव्हा मी शशीकाका अशी हाक मारली. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की ह्या नावाचं इथे कोणी राहत नाही. मग मी देवरुख म्हटलं आणि बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी माझं तोंड न्याहाळलं, आणि मग मराठीत, शब्द शोधत शोधत म्हणाले, की तू पुरुषोत्तमाची धाकटी ना, थोरलीचं नाक असं नव्हतं. मी एकुलती एक आहे, आणि तीही ते गेल्यावर झालेली; त्यांची कोणाशी तरी गल्लत होत होती.

ते एकटे असतात. लग्न केलं नाही, कोणी नाही. ८१ साली फाउंड्री बंद पडली, कागदपत्रं नव्हती, घरी लिहावं असं काही नव्हतं. चांगली बातमी आली की लिहू म्हणता म्हणता वर्ष गेलं, आणि वर्षभर न लिहिल्यावर काय लिहायचं ते कळेना. ९४ साली कागद झाले. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबईचं तिकीट काढलं होतं, काकू. त्याच आठवड्यात त्यांना संगमेश्वरचा एक बोटीवरचा माणूस भेटला आणि सांगून गेला, की तुझं तर घरच्यांनी सगळं केलं. त्यांनी तिकीट परत केलं. मला म्हणाले, की मेलेल्या माणसाने जाऊन दार वाजवायचं नसतं, घरातल्यांनी उघडायचं तरी कसं?

फुप्फुसं फाउंड्रीच्या धुळीने गेली आहेत. जिना चढताना दर पाच पायऱ्यांनी थांबतात. डॉक्टर म्हणतात, वर्ष, दीड वर्ष. जेवण स्वतः करतात. आमसुलं मिळत नाहीत म्हणून टोमॅटोचं सार.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. पण सांगायला हवं. खरं कळल्यावर सगळं सरळ होईल, असं मला मनापासून वाटतं. तू म्हणशील तसं करते.

तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी,
वीणा


देवरुख,
२४ डिसेंबर २००४

चि. वीणास आशीर्वाद.

पत्र खिचडी वाढायच्या वेळेला आलं. पळी मदतनीस बाईंच्या हातात दिली, मागच्या पायरीवर बसून वाचलं आणि परत येऊन वाढायला लागले. पोरं भुकेली होती.

आहेत म्हणतेस. असोत. दोन वर्षांचा संसार, चौदा वर्षांची वाट, अकरा वर्षांचं हे. ह्यात आता चौथं काय मिळवायचं ते मला सुचत नाही. रडू आलं नाही. तिकीट परत केलं तिथे राग आला. माणसाने दारापर्यंत तरी यावं. उघडायचं की नाही ते आम्ही बघितलं असतं.

त्या विधीची पानं मी वेचली होती, तुला ठाऊक नसेल. भाऊजी म्हणाले, तीनशे साठ, फाटकं नको, किडकं नको. दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं. परड्यात बसून मी एकेक पुसलं, मोजलं आणि अंगागणिक जुड्या बांधून दिल्या. माणूस असा हाताने मोजून दिल्यावर त्याला विसरायला सोपं जातं म्हणतात. नाही जात.

भाऊजींना सांगू नकोस असं लिहिणार होते. पण त्यांच्याशी मी एकदा खोटं वागले आहे, पुन्हा नको. तू सांग. माझ्याच्याने होणार नाही.

शिंप्यांचा उदय तिकडे येतोय, त्याच्याबरोबर आमसुलं पाठवते. मी दिली म्हणू नकोस. आईने दिली म्हण. जिन्यात घाई करू नका म्हणून सांग. तेही तुझंच म्हणून सांग.

सुप्रभाकाकू


रीडिंग,
१६ जानेवारी २००५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र देवघरात नेऊन वाचा, आणि वाचून झाल्यावर माझ्यावर रागवा. आधी नको.

शशीकाका जिवंत आहेत. काकूने दिलेल्या पाकिटावरचा पत्ता धरून मी त्यांना शोधलं. कॉव्हेंट्रीला एकटे राहतात, फुप्फुसांचं दुखणं आहे. आता मी दर रविवारी जाते. तुम्ही केलेल्या विधीबद्दल त्यांना दहा वर्षांपूर्वीच कळलं आणि म्हणूनच ते आले नाहीत. तुमच्यावर त्यांचा राग नाही. ते स्वतःला खरंच गेलेले समजतात. इथे सगळे त्यांना सिड म्हणतात, आणि शशी म्हटलं की ते आजूबाजूला बघतात, जणू दुसऱ्या कोणाला हाक मारली.

बाबा, मला वाचताना एक गोष्ट सापडली. लायब्ररीत मी अक्षरशः उभी राहिले. ग्रीकांमध्येही असं होई. मेला असं समजून ज्याचे अंत्यसंस्कार केले तो माणूस परत येई. त्याच्याजवळ कोणी जात नसे, देवळात घेत नसत. एकदा अशा एका माणसाने डेल्फीच्या देवळात विचारायला पाठवलं, की मी काय करू? अपोलो देवाचं उत्तर आलं, की बाळंतिणीच्या घरी बाळाचं जे करतात ते सगळं तुझं करू दे. मग बायकांनी त्याला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं, दूध पाजलं. एवढ्या मोठ्या माणसाला! आणि मग गावाने त्याला जवळ केलं. पुढे अशा सगळ्यांसाठी तीच चाल पडली.

म्हणजे वाट आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी माणसांनी ही चूक केली आणि निस्तरली. आपण का नाही? डॉक्टर म्हणतात, थंडी ओसरल्यावर विमानाने जाऊ शकतील. पण त्यांचं म्हणणं एकच, की दादाने बोलावलं नाही तर मी येणार नाही. तुम्ही त्यांना एक पत्र लिहा. चार ओळी पुरे.

चुकले असेन तर सांभाळून घ्या.

तुमची,
वीणा


॥ श्री ॥

देवरुख,
६ फेब्रुवारी २००५

चि. वीणास आशीर्वाद.

तुझ्या ग्रीकांनी मला नवीन काही सांगितलं नाही. आपल्या ग्रंथातही आहे. विधी झाल्यावर माणूस परत आला तर त्याला तुपाने भरलेल्या कुंभात बुडवून काढावं, न्हाऊ घालावं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावे, आणि त्याने आपल्या बायकोशी पुन्हा लग्न करावं. पाठशाळेत सोळाव्या वर्षी मी ते पाठ केलं. आम्ही पोरं हसलो होतो, की एवढं तूप आणणार कोण. ९३ साली विधीची तयारी करताना ते पान समोर आलं होतं. मी उलटलं.

कावळ्याचं लिहिलं होतं ते विसर. कावळ्याला भूक लागत असणार.

पत्र लिहा म्हणतेस. मायना काय लिहू? धाकट्या भावाला चि. लिहितात. ज्याला स्वतःच्या हाताने अग्नी दिला, अकरा वर्षं पितरांमध्ये ज्याचं नाव घेतलं, त्याला चिरंजीव लिहू? तुझी आजी ९६ साली गेली तेव्हा तिचा जीव अडला होता. मी तिच्या कानाशी लागून सांगितलं, की जा, शशी तिकडे तुझी वाट बघतो आहे. मग ती गेली. ते वाक्य आता मी कुठे ठेवू?

आणि हे एका घरचं नाही. ह्या तालुक्यात मी पाच घरचे पालाशविधी केले आहेत. शशी परत आला हे कळल्यावर त्या पाच बायका माझ्या दारात येऊन काय विचारतील ते तुला कळत नाही, कारण तू तेवीस वर्षांची आहेस आणि तुला वाटतं की खरं म्हणजे औषध. असेलही. मला ह्या वयात ते गिळवत नाही.

सुप्रभाशी मी बोललेलो नाही, तीही नाही. आम्ही दोघं एका घरात दोन भिंतींसारखे वावरतो. तुझी आई मध्ये पंख्यासारखी गरागरा फिरते.

त्याला खोकल्याला ज्येष्ठमध दे. मी सांगितलं म्हणू नकोस.

बाबा


कॉव्हेंट्री,
२७ फेब्रुवारी २००५

चि. वीणास आशीर्वाद.

वीस-पंचवीस वर्षांनी मराठी लिहितो. चुका दुरुस्त कर, तू शिकलेली आहेस.

आज तू सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलीस. हातात पुस्तक तसंच. तुला उठवलं नाही, पांघरूण टाकलं. तू गेल्यावर हे लिहायला बसलो. तू आठवडाभर खुर्च्या पुसतेस आणि रविवारी दोन ट्रेन बदलून एका म्हाताऱ्यासाठी येतेस. हे मला बरं वाटत नाही. पत्र आलं का, म्हणून मी विचारत नाही, तरी तू प्रत्येक वेळी दारातूनच मान हलवून नाही सांगतेस. ते नको करू.

दादाची चूक नाही. तो लिहीत नाही ते बरोबर आहे. सिडला जीपी, म्हणजे डॉक्टर आहे, पेन्शन आहे, खाली राहणारी शिल्पा कौन्सिलमध्ये आहे, ती फॉर्म भरून देते. मराठी आईबापांची पोरगी, मला काका काका करते आणि काका आज औषध खाल्ली का म्हणून विचारते. आय ॲम ऑल राइट. शशीचं जे काही करायचं ते दादाने केलं, आणि नीट केलं असणार. दादा कुठलं काम अर्धं ठेवत नाही. लहानपणी माझी अर्धी राहिलेली उजळणीसुद्धा तोच पुरी करायचा.

तुझ्या ग्रीकांचं मला आवडलं. सावल्यांना माणूस ओळखू येत नाही म्हणालीस. तसंच असतं. पण तहानेचं म्हणालीस तेही खरं आहे.

आमसुलं संपत आली. तुझ्या आईने दिली म्हणालीस. वहिनी मीठ हात आखडून लावायची. ही तिची नव्हेत. कोणाची ते मी विचारत नाही.

अभ्यास कर. पास हो. आमच्या घरात पहिली तू.

शशीकाका


देवरुख,
२० मार्च २००५

चि. वीणास आशीर्वाद.

ह्यांचं पत्र तू मला पाठवलंस ते वाचलं. मीठ ओळखलं म्हणजे तोंडाची चव गेलेली नाही, बरं आहे. पण दादा कुठलं काम अर्धं ठेवत नाही हे वाचलं आणि माझ्याने राहवेना. मी उठले, माझ्या ट्रंकेत तळाला एक वही आहे ती काढली आणि त्यातलं पळसाचं पान नेऊन भाऊजींच्या समोर पाटावर ठेवलं.

ते म्हणाले, हे काय? मी सांगितलं, की तीनशे साठावं. ९३ साली मी तीनशे एकोणसाठ दिली होती. कंठाच्या जुडीत दहा पानं असतात, मी नऊ बांधली. तुम्ही माझ्यावर विश्वासून जुड्या सोडून मोजल्या नाहीत. का ठेवलं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. सगळा माणूस द्यायला हात धजेना, एवढंच.

भाऊजी रागावतील असं वाटलं होतं. ते मान खाली घालून म्हणाले, की एका पानाने विधी मोडत नाही, त्याला प्रायश्चित्त सांगितलेलं आहे. मी म्हटलं, विधीचं मी विचारतच नाही. विधी तुमचा, पान माझं. तुम्ही नीट केलंत म्हणून तो माणूस तिकडे मेल्यासारखा बसला आहे. त्याला एवढं कळवा, की नीट झालं नव्हतं.

पान सुकून इतकं हलकं झालंय, की पंख्याने पाटावरून उडालं. भाऊजींनी गुडघे धरत खाली वाकून उचललं, आणि आत संध्येला गेले. जेवायला बसल्यावर एकच वाक्य बोलले. तुझ्या आईला विचारलं, की आईचं डाळिंबी लुगडं अजून आहे ना?

तुझी आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे.

परड्यातला पळस फुलला आहे. तू जेवत जा.

काकू


॥ श्री ॥

देवरुख,
१२ एप्रिल २००५

चि. शशी यास,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वरच्या दोन ओळी लिहायला मला दोन दिवस लागले. पुढचं भराभर लिहितो.

तुझा विधी माझ्या हातून अपुरा झाला होता. कसा ते सुप्रभा सांगेल. शास्त्राने बघितलं तर त्याने फरक पडत नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत असावं, कारण शास्त्राच्या आड लपून तुला बोलावतो आहे असं तू समजायला नको. मी घाई केली. बारा वर्षं पुरी झाली म्हणून नव्हे, मी वाट बघून थकलो होतो म्हणून. तू ये.

आल्यावर काय करायचं ते ठरवलं आहे. तूप कुंभभर लागतं. तुझ्या वहिनीने अडीच शेर साठवलं आहे. तेवढं डोक्यावरून घेऊ, बाकी ऊन पाणी. माझे पाठशाळेतले सोबती हसतील, हसू देत. दुपट्याचं आपल्या ग्रंथात काही नाही. ते वीणाच्या ग्रीकांचं. पण मला पटलं. आईच्या डाळिंबी लुगड्याचं सुप्रभाने शिवायला घेतलं आहे. माप कसं घेणार म्हणून विचारलं तर म्हणाली, ठाऊक आहे.

तुझ्याशी पुन्हा लग्न करायचं की नाही, ते तिने सांगितलेलं नाही. मी विचारणारही नाही. तू आलास की तूच विचार, आणि नाही म्हणाली तर गप्प बसून सार पी.

ज्या पाच घरी मी असे विधी केले, तिथे जाऊन तुझं सांगून आलो. त्यांच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं, म्हणून आधी मीच सांगितलं. दोघी रडल्या. एकीने मला चहा न विचारता दार लावून घेतलं. एक म्हणाली, की तुमच्या पोरीला आमच्या माणसाचा पत्ता देऊ का? मी तो लिहून आणला आहे.

आता बारसं. नाव शशीच ठेवायचं. बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. आपल्याला बहीण नाही, म्हणून तो मान मी वीणाला दिला आहे. परीक्षेमुळे तिला तुझ्याबरोबर येता येत नाही, तेव्हा निघताना तिनेच तिथे सांगावं. न्हाणं नंतर आणि नाव आधी, म्हणजे क्रम चुकतो. चुकू दे. ग्रीक लोक तीन हाका मारतात म्हणे, तेव्हा तीनदा सांगावं.

आईला मी तुझ्याबद्दल एक चुकीचं सांगितलं होतं. ते तू आल्यावर बोलू.

जिन्यात घाई करू नकोस.

तुझा,
दादा


हीथ्रो,
७ मे २००५

ती. बाबांस,
वीणाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र काकांच्याच खिशात देते आहे. बाकावर बसून लिहिते आहे, अक्षराला हसू नका. शिल्पा व्हीलचेअर आणायला गेली आहे. डॉक्टरांची चिठ्ठी काकांच्या आतल्या खिशात आहे, पंप बाहेरच्या. तुमचं पत्र त्यांनी पासपोर्टमध्ये घडी करून ठेवलं आहे आणि काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट मागितला तेव्हा आधी पत्रच पुढे केलं. तिनेही ते उलटसुलट करून बघितलं.

तुम्ही सांगितलेलं मी केलं. मला वाटलं होतं, की मंत्र म्हणावा तसं गंभीरपणे करेन. प्रत्यक्षात रांग पुढे सरकत होती, काकांची बॅग माझ्या पायावर होती आणि सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी वाकून कानात शशी म्हटलं. मोठ्यांचं नाव असं नुसतं घ्यायला जीभ वळेना. ते समोर बघत राहिले. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांना खोकला आला. मला वाटलं, नको, माणसं बघताहेत, ते दमलेत, पुरे. पण तुम्ही तीन सांगितल्या होत्या.

तिसऱ्यांदा त्यांनी ओ दिली. परड्यातून आजीने हाक मारली की द्यायचे असतील तशी, लांबवून, घसा फाटेपर्यंत. पुढची बाई दचकून वळली. काका तिला इंग्रजीत सॉरी म्हणाले, आणि मग मला विचारलं, की दादाने ऐकलं असेल का?

मी सोमवारी साडेपाचला परत खुर्च्या पुसायला, आणि त्याच दिवशी निबंध द्यायचा आहे. ग्रीकांवरचा. शेवट अजून लिहिलेला नाही.

बाळ फार थकलं आहे. आल्या आल्या काही विचारू नका. आधी झोपू द्या.

तुमची,
वीणा